बाईंची डायरी : पाणी धरणारं शेत

मुलांनो,

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात ‘मी सुट्टीत काय केले’ हा निबंध मी वर्गाकडून लिहून घेते. दरवर्षी तेच ते. मामाचा गाव, आंबे, विहिरीतलं पोहणं. २०२५ च्या जूनमध्ये मात्र चौथीतल्या एका चुणचुणीत मुलीनं वही उघडण्याआधी मलाच विचारलं, “बाई, तुम्ही काय केलंत सुट्टीत?”

मी म्हटलं, “मी दोन दिवस चिखलात रुतून बसले होते.”

सगळा वर्ग खो खो हसला. त्यांना वाटलं, बाई थट्टा करतायत. थट्टा अजिबात नव्हती. त्या दिवशी निबंध राहिला बाजूला. मुलांना जी हकिकत सांगितली, तीच आज तुमच्यासाठी लिहिते आहे.

माझा एक भाचा आहे. तेव्हा तो आठवी संपवून नववीत चालला होता. या पोराला गाड्यांचं भयंकर वेड. पाढे विचारले तर अडखळेल, पण कुठल्या गाडीचं इंजिन किती सीसीचं हे झोपेत सांगेल. त्यात भर म्हणजे त्याच्या बाबांनी, म्हणजे माझ्या भावोजींनी, एक जुनी जिप्सी विकत घेतलेली. मारुतीची जिप्सी १९८५ साली आपल्याकडे आली. आपल्या सैन्यानंही ती वापरली. चारही चाकांना जोर मिळणारी, वजनाला हलकी, साधारण हजार किलोची. भावोजींच्या जिप्सीचं छत कापडी होतं आणि ते दोन ठिकाणी गळत होतं, हे मला नंतर कळलं.

तर मे महिन्यात भाच्यानं एक जाहिरात दाखवली. रस्ता सोडून डोंगरात, वाळूत, चिखलात जाणाऱ्या गाड्या आणि त्या गाड्यांबरोबर रानात मुक्काम करायचं सामान, यांचं दोन दिवसांचं प्रदर्शन. शनिवार २४ मे आणि रविवार २५ मे. जागा पवन मावळात, एका ओढ्याच्या काठी. बघणाऱ्यांनीही आपापले तंबू ठोकून तिथंच राहायचं.

“मावशी, तूपण चल. वर्गात सांगायला काहीतरी होईल तुला.”

गेले. ताई, भावोजी, भाचा आणि मी.

आता तुम्ही म्हणाल, मे महिन्यात चिखल कुठून आला? बरोबर आहे. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून. पुणे जिल्ह्यातही तो त्याच सुमाराला येतो. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी पंधरा दिवस हाताशी ठेवून तारीख धरली होती. पण त्या वर्षी सगळं गणित चुकलं. अरबी समुद्रात कोकणच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि चांगला बळावला. २४ मे रोजी तो रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून जमिनीवर आला. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी. आणि २६ मे रोजी तो चक्क मुंबईत! गेल्या ७५ वर्षांत मुंबईत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. म्हणजे आम्ही बरोबर त्या दोन दिवसांत तंबू ठोकले होते. पाऊस तर त्याच्याही आधीपासून रोज पडत होता. ताई निघताना म्हणाली होती, “अहो, राहू द्या का?” पण पैसे भरलेले. पैसे भरले की मोठी माणसं हवामानाकडं बघेनाशी होतात. (पालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठी.)

शनिवारी दुपारपर्यंत मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू. एकेक गाडी म्हणजे चालतं घर. एका गाडीच्या टपावर पेटीसारखं काहीतरी होतं. दोन कड्या सोडल्या, शिडी खाली ओढली, की टपावर तंबू उभा! एका गाडीचा मागचा दरवाजा उघडला की फळीवर शेगडी, खाली मसाल्याचे डबे, बाजूला पाण्याची टाकी. ताई तिथून हलेचना. बॅटरीवर चालणारे फ्रीज होते. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचा-खाचांच्या प्लॅस्टिकच्या पाट्या होत्या. काही गाड्यांना बाजूनं टपापर्यंत गेलेलं नळकांडं होतं. पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा घेता यावी म्हणून ते असतं, हे भाच्यानं मला न विचारता सांगितलं. आपण पाण्याखाली तोंडात पपईच्या पानाचा पोकळ देठ धरून श्वास घ्यायचा खेळ खेळतो ना, तसंच ते. टपावरच्या एका तंबूची किंमत मी विचारली आणि नीट ऐकू आली नाही असं समजून पुन्हा विचारली. नीटच ऐकू आली होती.

एका कोपऱ्यात जुन्या जीपगाड्या मांडल्या होत्या. मला त्याच सगळ्यांत आवडल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, अमेरिकेच्या सैन्याला कुठंही जाणारी लहान, हलकी गाडी हवी होती. नमुना तयार करायला कारखान्यांना दिवस दिले फक्त ४९! बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं तो वेळेत करून दिला. पुढं मोठ्या संख्येनं त्या गाड्या बनवल्या मात्र विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी, युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त. युद्धानंतर १९४७ पासून महिंद्रांनी विलीज जीप आपल्याकडे जुळवायला सुरुवात केली. तुमच्या आजोबांना विचारा, तालुक्याला जाणारी वडाप जीप त्यांना नक्की आठवेल. आत आठ माणसांची जागा, बसलेली अठरा, आणि मागं लटकलेली वेगळी.

संध्याकाळी साडेपाचला आभाळ काळंकुट्ट झालं. वारा असा सुटला की दोन मांडव उडून ओढ्यापलीकडं गेले. मग वीज. मी सवयीनं मोजायला लागले. वीज चमकली की एक, दोन, तीन म्हणत सेकंद मोजायचे आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. माझे आकडे नऊ झाले, मग सहा झाले. म्हणजे वीज दोन किलोमीटरवर आली होती. तेवढ्यात तिथल्या प्रशिक्षक ताई धावत आल्या. तिशीतल्या असतील, अंगात रेनकोट, आवाज खणखणीत. “तंबू सोडा! झाडाखाली कुणी थांबू नका! पत्र्याच्या टपाच्या गाडीत बसा, काचा बंद!” पूर्ण लोखंडी गाडीवर वीज पडली तर ती बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते आणि आतला माणूस बहुधा बचावतो. कापडी छताच्या गाडीत तसं होत नाही. म्हणजे आमची जिप्सी बाद! आम्ही चौघं एका अनोळखी कुटुंबाच्या गाडीत जाऊन कोंबून बसलो. त्यांनी आम्हाला शेंगदाण्याचे लाडू दिले. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास होईपर्यंत ताईंनी कुणाला खाली उतरू दिलं नाही.

रात्रभर पाऊस कोसळत होता. मी आणि ताई जिप्सीतच झोपलो, म्हणजे झोपलो नाहीच. छत गळत होतं तिथं ताईनं पातेलं ठेवलं होतं. ते भरलं की मी ओतायचं.

सकाळी दार उघडून पाय खाली ठेवला तर पाणी घोट्याच्या वर.

मुलांनो, ती जागा म्हणजे एक मोठं थोरलं चौकोनी शेत होतं. चारी बाजूंनी बांध. रस्त्याच्या बाजूला बांध थोडा फोडून गाड्यांना उतरायला वाट केलेली. काल ते कोरडं नसलं तरी बऱ्यापैकी घट्ट होतं. आज तळं झालं होतं, आणि तळ्यात चाळीसेक गाड्या. गंमत म्हणजे बांधापलीकडच्या माळावर पाणी दिसत नव्हतं.

सगळ्यांना एकाच वेळी घरी जायची घाई झाली. पहिली निघाली ती सगळ्यांत मोठी गाडी, टपावर तंबू, मागं फ्रीज, अडीच टनांचं धूड. दहा पावलं गेली आणि जागच्या जागी चाकं फिरायला लागली. चालकानं जोर वाढवला. चाकांनी स्वतःसाठी छान खड्डा खणला आणि गाडी पोटावर बसली.

असं का होतं ते सांगते. गाडीचं सगळं वजन जमिनीवर टेकतं ते चार चाकांवर, आणि प्रत्येक चाक जमिनीला टेकतं ते केवढं? आमच्या जिप्सीचं धरा. हजार किलो भागिले चार, प्रत्येक चाकावर अडीचशे किलो. चाकात हवा ३२ पाउंड असेल तर चाकाचा जमिनीला लागणारा भाग जवळजवळ एका पोस्टकार्डाएवढा असतो. एका पोस्टकार्डावर अडीचशे किलो! डांबरी रस्त्याला त्याचं काही वाटत नाही, चिखलाला वाटतं. आता चाकातली हवा निम्मी केली, १६ पाउंड, तर चाक खाली पसरतं आणि दोन पोस्टकार्डांएवढं टेकतं. वजन तेवढंच, पण चिखलावरचा भार निम्मा. उंटाचं पाऊल बघा कसं पसरट असतं. घरी करून बघा. घमेल्यात माती भिजवून मऊ करा. त्यावर एक वीट उभी ठेवा, मग आडवी ठेवा, आणि दोन्ही वेळा किती रुतली ते पट्टीनं मोजा.

दुसरी भानगड वेगळी आहे. कवायतीत ओळ वळते तेव्हा आतला मुलगा जागीच पावलं टाकतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. गाडी वळते तेव्हा चाकांचंही तसंच होतं, बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातेरी चाकांची एक जोडणी गाडीत असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. रस्त्यावर ती फार गुणाची. पण चिखलात एक चाक घसरायला लागलं की ते सुळसुळीत फिरत राहतं आणि घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं बघत राहतं. वर्गात एकच मुलगा गोंधळ घालतो आणि बाकीचे काम सोडून त्याच्याकडं बघतात, अगदी तसं. काही महागड्या गाड्यांत ही जोडणी कुलूपबंद करता येते, मग दोन्ही चाकांना बरोबरीनं फिरावंच लागतं. तशाही दोन गाड्या तिथं होत्या. त्यासुद्धा रुतल्या. फक्त थोड्या पुढं जाऊन रुतल्या.

मग सुरू झाली ओढाओढ. दोर निघाले. हे दोर साधे नसतात, रबरासारखे ताणले जाणारे असतात. ओढणारी गाडी थोडी धावत जाते, दोर ताणला जातो आणि आखडताना रुतलेल्या गाडीला बाहेर खेचतो. म्हणजे बेचकीच म्हणा ना! आणि बेचकीचा रबर तुटला किंवा दगड सुटला तर काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

त्या मोठ्या गाडीच्या मागं लोखंडी गोळा होता, ट्रेलर जोडतात तो. कुणीतरी घाईनं दोराचा फास त्या गोळ्यातच अडकवला. दोराच्या दोन्ही अंगांना पाच-पन्नास माणसं, निम्मी मोबाइलवर चित्रण करत. आमचे भाचेबुवा सगळ्यांत पुढं. प्रशिक्षक ताई लांबून हात हलवत ओरडत येत होत्या. पण इंजिनांचा आवाज आणि वारा, कुणाला काही ऐकू जाईना. मला फक्त त्यांचे हात दिसले. मागं सरा, मागं सरा.

मी शिक्षिका आहे. माझ्या पर्समध्ये रुमाल नसेल, पण शिट्टी असते.

छातीत होती तेवढी हवा घालून मी शिट्टी फुंकली. आणि काय सांगू, चाळीस-पन्नास वर्षांची ती माणसं जागच्या जागी सावधान झाली! शाळा सोडून कितीही वर्षं होऊ देत. मी परत फुंकली आणि हातानं खूण केली. माणसं मागं सरली. भाचाही सरला, तोंड वाकडं करून.

ओढणाऱ्या गाडीतल्या चालकाला मात्र यातलं काही कळलं नाही. काचा बंद. त्यानं गाडी पळवली. दोर ताणला गेला, खाडकन आवाज झाला आणि दोर चाबकासारखा जमिनीवर सपकन बसला. भाचा जिथं उभा होता तिथलं पाणी फुटभर उडालं. लोखंडी गोळा मुळातून तुटून ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून आत गेला आणि मागच्या सीटमध्ये रुतून बसला. चालक पुढं होता, त्याला खरचटलंही नाही. मागं कुणी बसलं नव्हतं.

मिनिटभर कुणी बोललं नाही. भाच्यानं मोबाइल खिशात घातला. त्याचा हात थरथरत होता. माझे गुडघेही.

मग ताईंनी सगळ्यांना एका जागी उभं करून फैलावर घेतलं. दोर अडकवायचा तो गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या कडीतच, ट्रेलरच्या गोळ्यात कधीही नाही. ताणलेल्या दोरावर ओलं घोंगडं किंवा पोतं टाकायचं, म्हणजे तुटला तरी कमी उसळतो. आणि बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर. दोर ओलांडायचा नाही. हे सगळं त्यांनी आदल्या दिवशीही सांगितलं होतं म्हणे. तेव्हा आम्ही मसाल्याचे डबे बघत होतो.

या सगळ्या वेळात बांधावर एक म्हातारे आजोबा बसलेले होते. खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर, हातात कुदळ. सकाळपासून नुसते बघत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन टेकले.

“आजोबा, शेत तुमचंच का?”

“व्हय. पोरानं दिलं भाड्यानं.”

“इतकं पाणी कसं हो साठलं? पलीकडं माळावर तर काहीच नाही.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की इतका सोपा प्रश्न चुकलेल्या मुलाकडं मी वर्गात बघते.

“बाई, खाचर हाये ते. भाताचं. पानी धरायलाच केलंय. म्या म्हनलं व्हतं त्यांना, वर माळावर मांडा. तितं सावली न्हाय म्हनले.”

मी कपाळावर हात मारून घेतला. पाचवीला भाताची लागवड मी स्वतः शिकवते! खाचरात दरवर्षी पावसाळ्यात पाणी भरून चिखलणी करतात. माती इतकी मळून निघते की तिच्यातली बारीक भोकं बुजतात. वर मऊ चिखल, आणि वर्षानुवर्षं नांगर आणि बैलांचे पाय फिरून वीतभर खाली तव्यासारखा घट्ट थर तयार होतो. त्याच्यातून पाणी सहज झिरपत नाही. भाताला ते हवंच असतं. पिढ्यान्‌पिढ्या खपून केलेला हौदच तो! मे महिन्यात कोरडा असतो आणि सपाट दिसतो, म्हणून शहरातल्या माणसांना तो गाड्या लावायला छान मैदान वाटला.

मी ताईंना बोलावून आणलं. त्या शहाण्या होत्या, आजोबांसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “बाबा, तुम्ही सांगाल तसं करू.”

आजोबा म्हणाले, आधी पाणी काढा. बांध फोडायचा. झालं! चार तरुण फावडी घेऊन लगेच खालच्या बांधाकडं धावले. तो जवळ होता, उतारावर होता, दहा मिनिटांत शेत मोकळं झालं असतं. आजोबा ताडकन उठले. “तितं न्हाय! खाली भावकीचा राब हाये.”

राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा. पालापाचोळा, शेण पसरून ती भाजतात आणि मग त्यात बी टाकतात. एवढ्या पाण्याचा लोंढा वरून आला असता तर भाजलेली राख आणि वरची चांगली माती वाहून गेली असती. एका घराच्या वर्षभराच्या भाताची सुरुवातच गेली असती. ओढ्याच्या बाजूचा बांध मात्र रुंद होता, आणि तिथून ओढ्यापर्यंत चर खणायला लागणार होता. दोन तासांचं काम. एक गृहस्थ म्हणाले, “नुकसानभरपाई देऊन टाकू ना त्यांना! मला सोमवारी ऑफिस आहे.” आजोबा काही बोलले नाहीत. ते ओढ्याच्या बाजूला गेले आणि त्यांनी स्वतःच कुदळ मारायला सुरुवात केली. सत्तरीच्या पुढचा माणूस, भर पावसात.

भाचा माझ्या शेजारी उभा होता. तो गेला आणि त्यानं कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं. मग भावोजी गेले. मग ताई, मग लाडूवाले. ते ऑफिसवाले गृहस्थसुद्धा थोड्या वेळानं बूट काढून आले. महागड्या गाड्यांवरची चकचकीत फावडी त्या दिवशी पहिल्यांदा मातीला लागली असतील.

दुपारी पाणी ओसरलं. गावातून एक ट्रॅक्टर आला. त्याला रबरी चाकांच्या बाजूनं लोखंडी पिंजऱ्यासारखी मोठी चाकं जोडली होती, चिखलणीला वापरतात ती. त्या पट्ट्या चिखलात पाय रोवत जातात. चालवणारा मुलगा विशीतला, पायात चप्पलही नाही. त्यानं पक्क्या कडीत दोर अडकवला, वर ओलं पोतं टाकलं आणि धक्का न देता एकेक धूड हळूहळू बाहेर काढलं. ज्यांच्यासमोर आदल्या दिवशी आम्ही तोंड उघडं टाकून उभे होतो, त्या गाड्या म्हशींसारख्या माना खाली घालून मागोमाग निघाल्या. आमची जिप्सी मात्र चाकातली हवा कमी करून आपली आपणच बाहेर आली, हे लिहिलं नाही तर भाचा माझ्याशी बोलणार नाही.

निघताना मी मागं बघितलं. शेतभर गुडघाभर खोल चाकोऱ्या. आजोबा एका चाकोरीत हात घालून खालची माती चाचपत होते.

“काय झालं, आजोबा?”

“खालचा थर फुटला की पानी पळतं खाली. बघू आता.”

प्रदर्शनवाल्यांनी भाड्यावर आणखी काही पैसे दिले, असं पुढं समजलं. किती ते मला माहीत नाही, आणि फुटलेल्या थराची किंमत कशी काढतात तेही माहीत नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी, भाच्याचा फोन आला. “मावशी, आपण त्या आजोबांकडं जाऊया का लावणीला?” या पोराला भाताचं रोप आणि गवत यातला फरक कळत नाही, पण मी हो म्हटलं. रविवारी एसटीनं गेलो. खाचरात लावणी चालू होती. इंद्रायणी भात. तिघं-चौघं ओळीनं वाकलेली, हातातली रोपं भराभर चिखलात खोचत मागं मागं सरकणारी. शेत हिरवंगार होत चाललं होतं. फक्त मधले दोन लांब पट्टे तसेच राहिले होते. तिथं पाणी ठरत नव्हतं. आजोबांनी त्या पट्ट्यांत तीनदा चिखलणी केली होती आणि चौथ्यांदा करणार होते.

भाचा मोठ्या उत्साहानं चपला काढून उतरला. तीन पावलं गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. पाय सरळ वर ओढायला गेला तर निघेना. जोर केला तर दुसराही गेला. लावणी करणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“सरळ वडू नगं,” आजोबा बांधावरून म्हणाले. “टाच हलव. हिकडं-तिकडं फिरव. पायाखाली वारं जाऊ दे, मंग सुटतो.”

त्यानं टाच फिरवली. पच्चकन आवाज झाला आणि पाय सुटला. चिखल पायाभोवती घट्ट बसला की खाली हवा जायला वाटच राहत नाही, आणि बाहेरची हवा वरून दाबते. टाच हलवली की फट पडते. भाच्याचं तोंड उजळलं. “मावशी, रुतलेल्या गाडीचं स्टिअरिंगसुद्धा असंच डावी-उजवीकडं हलवतात!” असं म्हणत त्यानं जोरात पुढचं पाऊल टाकलं आणि धपकन खाली बसला. कमरेपर्यंत.

आजोबांनी माझ्याकडं वळून बघितलं.

“बाई, शिट्टी आनली न्हाय का आज?”